सिस्टर, मेडिकलवाले आणि मधला निरोप्या

इंग्रजीतलं एखादं विशेषण मराठीत येऊन नाम कसं होतं, याचं चांगलं उदाहरण म्हणजे 'मेडिकल'. 'कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी घेऊन ये,' असं आपण सहज म्हणतो. त्या दुकानात उभा असलेला माणूस म्हणजे 'मेडिकलवाले'. असाच दुसरा शब्द 'सिस्टर'. दवाखान्यातल्या गणवेशातल्या कुठल्याही बाईला, तिचं वय, हुद्दा, शिक्षण यांची चौकशी न करता आपण सिस्टर म्हणतो. तिच्या जागी पुरुष असला तर तो आपोआप 'ब्रदर' होतो.

दोन्ही शब्द आपुलकीचे आहेत. पण या आपुलकीत एक गोष्ट झाकली जाते. मेडिकलवाले हा नुसता दुकानदार नसतो. त्यानं निदान औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेली असते. पदवी असेल तर चार वर्षं, आणि २००८ पासून आपल्याकडे सुरू झालेली 'फार्म.डी.' असेल तर सहा वर्षं तो औषधांचा अभ्यास करून आलेला असतो. सिस्टरही अशाच दोन, तीन किंवा चार वर्षांच्या शिक्षणातून आलेली असते. रुग्ण औषध घेतो का, त्याला ते सोसतं का, घेतल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे तिच्याइतकं जवळून कुणी पाहत नाही.

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए. औषधशास्त्रातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण एखादा शब्द एका माणसाच्या तोंडून निघून दुसऱ्याच्या कानापर्यंत पोहोचेतो त्याचं काय काय होतं, हा माझ्या रोजच्या कामाचाच विषय आहे. औषधाचाही प्रवास मला तसाच दिसतो. डॉक्टर चिठ्ठी लिहितात. फार्मासिस्ट ती वाचून औषध देतो. नर्स ते रुग्णाला देते, किंवा कसं घ्यायचं ते सांगते. शेवटी रुग्ण ते घेतो. लिहिणं, देणं, सांगणं आणि घेणं अशा चार पायऱ्या. यातल्या मधल्या दोन पायऱ्यांवर उभी असलेली माणसं, फार्मासिस्ट आणि नर्स, एकमेकांशी किती बोलतात? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, बोलतच नाहीत. मग त्यांच्यामधला निरोप कोण नेतो? रुग्ण. म्हणजे जो आजारी आहे, घाबरलेला आहे, ज्याला इंग्रजी वाचता येत नाही आणि कधी कधी चष्माही सापडत नाही, त्यालाच आपण निरोप्या करतो.

याचा अर्थ काय होतो, ते माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत मी पाहिलं आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. साठी ओलांडलेली, हाताची बोटं सकाळी वळत नाहीत, मनगटं सुजलेली. मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात तपासण्या झाल्या. आमवात निघाला. त्यावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहून दिली गेली. हे औषध या आजारावर जगभर वापरतात आणि ते चांगलं औषध आहे. त्याची एकच अट असते. आमवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तेच औषध अंगावर उलटतं. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि वेळेत लक्षात आलं नाही तर जीवही जाऊ शकतो. या गोळीच्या जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी देतात, ती इतर दिवशी घ्यायची असते. आपाला मिळालेल्या दोन्ही गोळ्या लहान आणि दोन्ही पिवळ्या होत्या.

घरी सोडताना वॉर्डातल्या सिस्टरनं सगळं नीट सांगितलं. 'ही आठवड्यातून एकदाच,' हेही सांगितलं. पण सांगितलं ते आपाच्या सुनेला, आणि तेव्हा औषध हातात नव्हतं. नुसता कागद होता. औषध आणायला खाली गेला होता माझा भाचा. तिथल्या काउंटरवर रांग होती. कागद पाहून पाकिटं काढली गेली, बिल झालं, पिशवी हातात आली. सुनेनं ऐकलं होतं, पण गोळी पाहिली नव्हती. भाच्यानं गोळी पाहिली होती, पण ऐकलं नव्हतं. सून दुसऱ्या दिवशी तिच्या नोकरीच्या गावी गेली. घरी गोळ्या द्यायचं काम भाच्याकडे आलं आणि त्यानं मन लावून, न चुकता, रोज सकाळी आपाला ती गोळी दिली.

सहाव्या दिवशी आपाचं तोंड आलं. चहासुद्धा झोंबायला लागला. भाचा आमच्या तालुक्याच्या गावातल्या नेहमीच्या मेडिकलमध्ये गेला आणि म्हणाला, 'तोंडाला लावायला एखादं जेल द्या.' जेलची ट्यूब काढून द्यायची आणि पैसे घ्यायचे, एवढं करून तो व्यवहार संपला असता. पण त्या फार्मासिस्टनं विचारलं, 'कुणाला हवंय? दुसरं काय औषध चालू आहे त्यांना?' भाच्यानं मोबाइलमधला कागदाचा फोटो दाखवला. तो म्हणाला, 'ही गोळी कधी देता?' भाचा म्हणाला, 'रोज सकाळी.' त्यानं जेल पुन्हा खणात ठेवलं. 'आता ही गोळी बंद. एकही द्यायची नाही. त्यांना घेऊन लगेच ग्रामीण रुग्णालयात जा. मी सिस्टरना फोन करतो.'

त्यानं खरंच फोन केला. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती दिवस, हे सगळं त्यानं सांगितलं. आपा पोहोचली तेव्हा सिस्टरनी डॉक्टरांना बोलावून ठेवलं होतं, रक्त घ्यायची तयारी करून ठेवली होती. पांढऱ्या पेशी कमी झाल्याच होत्या. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, औषधाचा परिणाम उतरवणारी इंजेक्शनं झाली. दहा दिवसांनी आपा घरी आली. पुढे तज्ज्ञांनी तीच गोळी पुन्हा सुरू केली, पण या वेळी पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून आलं होतं : 'फक्त सोमवार'.

त्या मोठ्या रुग्णालयाचं नाव मी घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं. तिथल्या सिस्टरनी आपलं काम केलं होतं. काउंटरवरच्यानंही चिठ्ठीतलंच औषध दिलं होतं. एकानं औषधाविना सूचना दिली, दुसऱ्यानं सूचनेविना औषध दिलं. दोघांच्या मधला तीन मजल्यांचा जिना कुणाच्याच कामात मोडत नव्हता, आणि आपाचा जीव त्या जिन्यात अडकला होता. गावात मात्र एक फोन झाला. कुठलं यंत्र लागलं नाही, योजना लागली नाही, सरकारी आदेश लागला नाही. दोघं एकमेकांना ओळखत होते आणि बोलले, एवढंच.

हे एका घरापुरतं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये 'इजेविना औषधोपचार' या उद्दिष्टाची जागतिक मोहीम सुरू केली. औषधांच्या चुकांपायी जगाचा वर्षाचा खर्च बेचाळीस अब्ज डॉलरच्या घरात जातो, असा अंदाज तेव्हा मांडला गेला होता. या चुका बहुतेकदा माणसं वाईट असल्यामुळे होत नाहीत. काम हातातून हातात जाताना त्या होतात.

आणखी एक उदाहरण देतो. आपल्यातल्या कितीतरी घरांत इन्सुलिन असतं. आपल्या देशात कुपीतलं इन्सुलिन साधारणपणे चाळीस युनिटचं मिळतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. पेनमध्ये घालायची कार्ट्रिज मात्र शंभर युनिटची असते. काही इन्सुलिनच्या कुप्याही शंभरच्या मिळतात. त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या. चाळीसच्या सिरिंजचं टोपण लाल आणि शंभरचं नारिंगी. आता शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजनं भरलं, तर खुणा तेवढ्याच दिसतात, पण अंगात जातं अडीचपट. रुग्णाची साखर एकदम उतरते, घाम फुटतो, शुद्ध हरपते. उलट झालं तर इन्सुलिन कमी पडतं आणि साखर चढतच राहते. इन्सुलिन आणि सिरिंज विकतो फार्मासिस्ट. टोचायला शिकवते नर्स. शिकवताना नर्सच्या हातात लाल टोपणाची सिरिंज असेल आणि महिन्याभरानं दुकानातून नारिंगी टोपणाची आली, तर घरातल्या माणसाला तो फरक कोण सांगणार? हा विषय या दोघांचा मिळून आहे. दोघांपैकी एकट्यानं तो सुटत नाही.

इन्सुलिन ठेवायचंही तसंच. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन बाद होतं. ज्यांच्या घरी फ्रिज नाही किंवा वीज वारंवार जाते, त्यांना पाण्यानं ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्याचा उपाय सांगितला जातो. पण तो कुणी सांगायचा? दुकानदाराला वाटतं, सिस्टरनी सांगितलं असेल. सिस्टरना वाटतं, मेडिकलमध्ये सांगितलं असेल. दोघांच्या 'असेल'मध्ये इन्सुलिन खिडकीपाशी उन्हात पडून राहतं.

आमच्या घरात उर्दूही वाचली जाते. त्या लिपीत एका टिंबाचं महत्त्व लहानपणीच शिकवतात. वरचा नुक्ता खाली उतरला की 'खुदा'चं 'जुदा' होतं. औषधाच्या चिठ्ठीतही असाच एक नुक्ता असतो, दशांश चिन्हाचा. पाच मिलिग्रॅम लिहिताना कुणी पाच, टिंब, शून्य असं लिहिलं आणि टिंब पुसट उमटलं, की वाचणारा पन्नास वाचतो. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना आधीचं शून्य गाळलं आणि टिंब दिसलं नाही, की त्याचे पाच होतात. म्हणून औषधसुरक्षेचा विचार करणाऱ्यांनी दोन साधे नियम सांगितले आहेत. पूर्ण आकड्यानंतर टिंब-शून्य लिहू नये, आणि टिंबाच्या आधीचं शून्य कधी गाळू नये. आपल्या देशातही डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असं २०१६ मध्ये तेव्हाच्या वैद्यक परिषदेनं नियमात घातलं. नियम झाला तरी अक्षर सुधारायला वेळ लागतो. तोवर चिठ्ठी वाचणाऱ्यानं 'हे पन्नास कसं असेल?' असं विचारलं पाहिजे आणि औषध देणाऱ्या नर्सनंही ते विचारलं पाहिजे. नर्सिंगच्या शिक्षणात पाच 'योग्य' शिकवतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. यातल्या औषध आणि मात्रा या दोन गोष्टींची खात्री करताना नर्सच्या पाठीशी फार्मासिस्टचं ज्ञान असलं, तर तिचं काम किती हलकं होईल!

जगात या बाबतीत काय झालं, ते थोडक्यात पाहू. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून एक अभ्यासक्रम सुरू केला. फोर्ड यांनी सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून खेड्यापाड्यांत काम केलं होतं. डॉक्टर जिथे पोहोचत नाहीत, तिथल्या मुलांची तपासणी आणि नेहमीचे उपचार अनुभवी नर्सला जास्तीचं शिक्षण देऊन का करता येऊ नयेत, असा त्यांचा प्रश्न होता. त्यातून 'नर्स प्रॅक्टिशनर' हा नवा व्यवसाय उभा राहिला. सुरुवातीला टीका डॉक्टरांनी केली आणि परिचारिकांनीही केली. आज अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर लाखोंच्या संख्येनं काम करतात, तपासतात, औषधं लिहितात. लोरेटा फोर्ड २०२५ मध्ये वयाच्या एकशे चाराव्या वर्षी गेल्या. आपल्या एका प्रश्नाचं एवढं मोठं झाड झालेलं त्यांना पाहायला मिळालं.

नर्स औषध लिहू लागली, तेव्हा तिला औषध जाणणाऱ्या सोबत्याची गरज जास्तच भासली. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये पात्र परिचारिका आणि पात्र फार्मासिस्ट या दोघांनाही स्वतंत्रपणे औषधं लिहून देण्याचे व्यापक अधिकार मिळाले. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी घेणाऱ्यांसाठी परदेशात खास दवाखाने चालतात. ते बरेचदा नर्स आणि फार्मासिस्टच सांभाळतात. या गोळीची मात्रा रक्ततपासणी पाहून ठरवावी लागते. थोडी जास्त झाली तर रक्तस्राव, थोडी कमी झाली तर रक्ताची गाठ. शिवाय पालक-मेथीसारख्या पालेभाज्या एकदम वाढवल्या तर तिचा जोर कमी होतो, आणि मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळीनं रक्तस्रावाचा धोका वाढतो. नर्स विचारते, 'या आठवड्यात काय खाल्लं, हिरड्यांतून रक्त आलं का?' फार्मासिस्ट पाहतो, 'नवं कुठलं औषध सुरू झालं का?' दोघांच्या उत्तरांतून मात्रा ठरते.

आपल्याकडची घडी वेगळी आहे. सर्वसाधारणपणे नर्सला डॉक्टरांसारखी स्वतंत्र चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार नाही. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेनं आणला आहे, पण त्यातून तयार झालेल्यांची संख्या अजून लहान आहे. तरीही खेड्यात गेलं की दिसतं, नर्स ते काम वेगळ्या नावानं करतेच आहे. पाच हजार लोकवस्तीला, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांना, एक उपकेंद्र असतं. तिथे आरोग्यसेविका असते. २०१८ पासून अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यात नर्सिंगचे पदवीधर आहेत, आयुर्वेदाचेही आहेत. उपकेंद्रात फार्मासिस्ट साधारणपणे नसतो. तो असतो प्राथमिक आरोग्य केंद्रात, औषधनिर्माण अधिकारी या नावानं. म्हणजे रक्तदाबाची गोळी रुग्णाच्या हातावर ठेवणारी एका गावात आणि त्या गोळीचा साठा सांभाळणारा दुसऱ्या गावात.

या दोघांचं जमलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतल्या पंचवीस जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. उपक्रमाची सूत्रं अगदी साधी होती. कुठली गोळी आधी, कुठली नंतर, हे एका पानावर ठरलेलं. सुरुवात बहुधा ॲम्लोडिपिन पाच मिलिग्रॅमनं. औषधांचा साठा तुटू द्यायचा नाही. रक्तदाब मोजणं, नोंद ठेवणं, न आलेल्या रुग्णाला आठवण करणं ही कामं नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांनी वाटून घ्यायची. रुग्णाला एका वेळी महिन्याचं औषध द्यायचं, तेही घराजवळ. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

यातलं 'साठा तुटू द्यायचा नाही' हे वाक्य लहान आहे, पण कळीचं आहे. पुढच्या महिन्यात किती रुग्ण येतील, हे उपकेंद्रातल्या सिस्टरला माहीत असतं. कपाटात किती गोळ्या उरल्या, हे औषधनिर्माण अधिकाऱ्याला माहीत असतं. ही दोन माहितीची टोकं जुळली नाहीत, तर एखादी म्हातारी चार मैल चालून येते आणि 'गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या' हे ऐकून परत जाते. एकदा परत गेलेलं माणूस दुसऱ्यांदा येईलच असं नाही. आणि रक्तदाब काही दुखत नाही. गोळी सुटली तरी महिनाभर काही कळत नाही. कळतं ते एकदम अर्धांगवायूच्या झटक्यानं.

आता माझ्या समाजातला एक विषय सांगतो. तो सर्वांच्याच उपयोगाचा आहे. रमजानचे रोजे. आजाऱ्याला रोज्यातून सवलत खुद्द कुराणानंच दिली आहे. पण श्रद्धाळू माणसाला ती घ्यावीशी वाटत नाही. तेरा देशांतल्या बारा हजारांहून जास्त मुस्लिम मधुमेहींची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रौढ वयात होणारा, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांपैकी जवळजवळ एकोणऐंशी टक्के लोकांनी निदान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रकार त्यांच्यात त्या महिन्यात साडेसात पटींनी वाढले होते.

या माणसाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं एक-शून्य-एक, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. रमजानमध्ये त्याची सकाळ पहाटेपूर्वी सहरीला होते आणि जेवण सूर्यास्तानंतर इफ्तारला. सकाळची गोळी कधी घ्यायची? तेवढीच घ्यायची का? काही गोळ्या उपाशीपोटी साखर फार खाली आणतात, काही आणत नाहीत. कुठली कोणत्या गटातली, हे फार्मासिस्ट सांगू शकतो. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर रोजा सोडून लगेच साखर घ्या, हे सिस्टर समजावू शकते. मात्रा बदलायची ती डॉक्टरांनीच. पण रमजानच्या महिनाभर आधी, चंद्र दिसायची वाट न पाहता, या तिघांचं बोलणं झालं तर कितीतरी घरांतली धावपळ वाचेल. हीच गोष्ट एकादशीची, नवरात्राच्या नऊ दिवसांची, श्रावणी सोमवारची. उपास कुठल्याही देवाचा असो, स्वादुपिंडाला तो सारखाच असतो. आणि साबुदाण्याच्या खिचडीनं साखर उलट चढते, हेही सांगायला कुणीतरी हवंच.

मग अडतं कुठे? प्रामाणिकपणे बोलायचं तर बऱ्याच ठिकाणी. औषधविक्रीचा १९४८ चा कायदा सांगतो की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. २०१५ च्या नियमांनी तर रुग्णाला समजावून सांगणं हे त्याचं कर्तव्यच ठरवलं. प्रत्यक्षात काही दुकानांत भिंतीवरचं प्रमाणपत्र एकाचं असतं आणि काउंटरवर उभा असतो दुसराच. वॉर्डात एकेका सिस्टरकडे इतके रुग्ण असतात की पाच 'योग्य' आठवायलाही श्वास पुरत नाही. शिवाय एक अदृश्य उतरंड आहे. सिस्टरनं डॉक्टरांना 'ही मात्रा बरोबर आहे ना?' असं विचारलं की ते उद्धटपणाचं वाटतं. मेडिकलवाल्यानं विचारलं तर 'तुम्ही दुकान सांभाळा,' असं ऐकावं लागतं. ज्या घरात प्रश्न विचारणं हा अपमान समजला जातो, त्या घरात चूक दडून राहते. दवाखान्याचंही तसंच आहे.

आणि आपण? आपणही या दोघांना विचारत नाही. मेडिकलमध्ये आपण किंमत विचारतो, सूट विचारतो, पण औषध विचारत नाही. सिस्टरला आपण सलाईन संपल्याचं सांगतो, पण शंका सांगत नाही. सरकारनं काय करावं, ते सरकारच्या हाती. आपल्या हाती आहे ते सांगून मी थांबतो.

पहिली गोष्ट, घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. जुनी, नवी, आयुर्वेदिक, शेजाऱ्यानं दिलेली, अर्धी उरलेली, सगळी. ती पिशवी घेऊन गर्दी नसताना ओळखीच्या फार्मासिस्टकडे जा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावानं दोनदा चालू असल्याचं अशा वेळी कितीदा तरी सापडतं. पुढच्या तपासणीला तीच पिशवी आणि फार्मासिस्टनं काढून दिलेली यादी सिस्टरला दाखवा.

दुसरी गोष्ट, रुग्णालयातून घरी सोडताना आधी औषधं आणा आणि मग सूचना ऐका. औषध हातात घेऊन सिस्टरला म्हणा, 'ही कुठली, कधी, किती दिवस, आणि काय झालं तर बंद करायची?' आणि घरी प्रत्यक्ष औषध देणारा जो असेल, तोच ते ऐकायला हजर असू द्या. पाकिटावर मराठीत लिहून घ्या. आपल्याला जी लिपी वाचता येते, त्या लिपीत लिहून घेण्यात संकोच कसला?

तिसरी गोष्ट, औषधानं काही विपरीत झालं तर 'नशीब' म्हणून गप्प बसू नका. २०१० पासून देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे १८००-१८०-३०२४. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्याप्रमाणे साध्या रुग्णालाही तिथे कळवता येतं. आपली नोंद दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडते.

आणि शेवटची एक विनंती डॉक्टरमंडळींना. आपल्या वॉर्डातल्या सिस्टरकडे जवळच्या फार्मासिस्टचा फोन नंबर आहे का, आणि त्या फार्मासिस्टकडे सिस्टरचा आहे का, एवढं उद्या सकाळी विचारून पाहा. नसेल, तर दोघांची ओळख करून द्या. चहा पाजलात तर उत्तमच. त्या दोघांनी एकमेकांना फोन केलेला आपल्याला कमीपणा वाटणार नाही, हेही त्यांना एकदा स्पष्ट सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय ते तो फोन करणार नाहीत. आणि तो फोन झाला नाही, तर निरोप नेण्याचं काम पुन्हा आजारी माणसावरच येईल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)